टेस्टरचे आठही दिवे लागतात, तरी लाइन का अडते?

ऑफिसच्या लॅनची आणि सीसीटीव्हीची कामं करणाऱ्या एका तरुणाचा प्रश्न आहे. त्याच्याकडे दिव्यांचा साधा टेस्टर आहे आणि त्यावर १ ते ८ दिवे बिनचूक क्रमाने लागतात. तरीही एका ऑफिसात तीन जागांवर लिंक १०० एमबीपीएसच्या वर जात नाही. त्याच जागेतले आवारातले दोन कॅमेरे रात्री बंद पडतात आणि उजाडलं की आपोआप चालू होतात. टेस्टर खराब आहे का, की महागातला घ्यावा, असं त्याने विचारलंय.

टेस्टर बहुधा ठणठणीत आहे. त्याला जेवढं कळतं तेवढं तो खरं सांगतोय, फक्त त्याला फार थोडं कळतं.

दिव्यांचा टेस्टर बॅटरीतून एकेका तारेवर थोडा व्होल्टेज सोडतो आणि दुसऱ्या टोकाच्या रिमोटवर त्या नंबरचा दिवा लागतो. यातून तीन गोष्टी कळतात: तार तुटलेली नाही, नंबर उलटसुलट झालेले नाहीत, दोन तारा एकमेकींना चिकटलेल्या नाहीत. बस. एलईडी लागायला काही मिलिअँपिअर पुरतात. क्रिंप, म्हणजे तारांवर दाबून बसवलेला जॅक, अर्धवट बसलाय, पिनेचं टोक तांब्यात नीट रुतलेलं नाही, जोडात शंभर ओहमचा अडथळा आहे, तरी दिवा लागतो आणि डोळ्याला फरक कळत नाही. केबल किती लांब आहे, तिच्यात गोंगाट किती आहे, कुठली तार कुठल्या तारेशी पिळलेली आहे, यातलं काहीही हा टेस्टर बघत नाही. म्हणून टेस्ट चालू असताना दोन्ही टोकांचे जॅक हाताने हलवून बघायची सवय लावा. दिवा लुकलुकला तर तो क्रिंप कापून टाका, दुसऱ्यांदा दाबत बसू नका.

आता तीन जागांचं बघू. १०० एमबीपीएसची लिंक फक्त दोन जोड्यांवर चालते, १-२ आणि ३-६. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, चारही जोड्या लागतात. त्यामुळे लिंक १०० वर अडकली की माझा पहिला संशय ४-५ आणि ७-८ वर, म्हणजे ब्लू आणि ब्राउन पेअरवर जातो. त्यातली एखादी तार सैल असेल तर पुष्कळ नेटवर्क कार्डं गिगाबिटचा नाद सोडून मुकाट १०० वर उतरतात. वापरणाऱ्याला वाटतं, चालतंय की.

पण केबल उघडण्याआधी दोन फुकटच्या गोष्टी करा. आपला खात्रीचा लॅपटॉप आणि खात्रीची पॅच कॉर्ड (दोन्ही टोकांना जॅक असलेली छोटी केबल) घेऊन रॅकपाशी जा आणि स्विचच्या, म्हणजे सगळ्या जागांच्या केबली जिथे एकत्र येतात त्या यंत्राच्या, त्याच पोर्टला थेट लावा. तिथेही १०० च दिसलं तर पोर्ट तरी १०० चा आहे किंवा कुणीतरी सेटिंगमध्ये वेग बांधून ठेवलाय. दुसरं, टेबलावर आयपी फोन आहे का आणि संगणक त्या फोनच्या पाठीमागून जोडलाय का ते बघा. बऱ्याच जुन्या फोनमधला आतला स्विच १०० चाच असतो. संगणक १०० वर अडकल्याच्या तक्रारींत हा फोन इतक्या वेळा सापडतो, की मी आता भिंतीतल्या केबलकडे बघण्याआधी टेबलाखाली वाकून बघतो.

फोन नाही, पोर्टही बरोबर, तर मग फेसप्लेट, म्हणजे भिंतीतल्या जॅकची झाकणपट्टी, उघडा आणि रंग बघा. इथे खरी गंमत आहे. ५६८-बी हा आठ तारांच्या रंगांचा ठरलेला क्रम आपल्याला पाठ असतो: व्हाइट ऑरेंज, ऑरेंज, व्हाइट ग्रीन, ब्लू, व्हाइट ब्लू, ग्रीन, व्हाइट ब्राउन, ब्राउन. नवा पोरगा हाताखाली असला की त्याला हिरव्याच्या मध्ये निळा घुसवणं विचित्र वाटतं. तो सरळ ओळीने लावतो: ऑरेंजची जोडी, ग्रीनची जोडी, ब्लूची जोडी, ब्राउनची जोडी. दोन्ही टोकांना तसंच. दिव्यांच्या टेस्टरला यात काहीही वावगं दिसत नाही, कारण एकची तार एकला जाते, तीनची तीनला, सहाची सहाला. आठही दिवे क्रमाने लागतात.

बिघाड असा होतो, की स्विच ३ आणि ६ नंबरच्या पिना एक जोडी म्हणून वापरतो. त्या दोन तारांवर एकच सिग्नल उलटसुलट दिशेने जातो, आणि त्या एकमेकींभोवती पिळलेल्या असल्या तरच बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखा पडून पलीकडे वजा होतो. ओळीने लावलेल्या केबलमध्ये तीनवर व्हाइट ग्रीन आहे आणि सहावर ब्लू. या दोघींची पिळण वेगवेगळ्या जोडीदारांबरोबर आहे. वजाबाकी होत नाही आणि एका जोडीचा सिग्नल दुसरीत झिरपतो. यालाच आपण स्प्लिट पेअर म्हणतो. १० एमबीपीएसवर ती चालते. अंतर कमी असेल तर १०० वरही कशीबशी चालते, मध्येच पॅकेट टाकत. गिगाबिटवर तिचा निभाव लागत नाही. ऑफिसात तीनच जागा अडकल्यात याचा अर्थ कधीकधी एवढाच असतो, की त्या तीन जागा एकाच माणसाने क्रिंप केल्यात.

एका टोकाला ५६८-ए हा दुसरा ठरलेला क्रम आणि दुसऱ्याला बी लागला असेल तर तो गुन्हा वेगळा आणि बराच सौम्य. टेस्टरवर १ चा दिवा ३ वर आणि २ चा ६ वर दिसेल, पण आताचे स्विच आपण होऊन सरळ-उलट जुळवून घेतात. क्रम सुधारायचा तो शिस्तीसाठी. वेगाच्या तक्रारीचं खापर मात्र त्याच्यावर फोडू नका.

रंग बरोबर असूनही त्रास असेल तर जॅकपाशी पिळण किती सोडलीय ते बघा. कॅट ५ई आणि कॅट ६ या प्रकारच्या केबलींना जोडापाशी १३ मिलिमीटरपेक्षा जास्त पिळण उकलायची नसते. सोयीसाठी दीड-दोन इंच मोकळं करून ठेवलेलं काम मी जागोजागी बघतो.

स्प्लिट पेअर पकडायला दिव्यांच्या वरच्या पायरीचा टेस्टर लागतो, जो जोडीजोडीने मोजतो. फ्लूकच्या मायक्रोस्कॅनरसारखं यंत्र जोड्यांची जुळणी दाखवतं, स्प्लिट असेल तर तसं लिहून येतं आणि लांबीही देतं. ही लांबी तो टीडीआर पद्धतीने काढतो: जोडीवर एक पल्स सोडायची, ती टोकावर किंवा तुटलेल्या जागी आपटून परत यायला किती वेळ लागला ते बघायचं. तार तुटलेली असेल तर पल्स सुलट परतते, शॉर्ट असेल तर उलटी, म्हणून यंत्राला दोन्हीतला फरक कळतो.

लांबीच्या आकड्यावर आंधळा विश्वास मात्र ठेवू नका. वेळेवरून अंतर काढायला केबलमध्ये पल्स किती वेगाने धावते ते यंत्राला ठाऊक लागतं. प्रकाशाच्या वेगाच्या तुलनेतलं हे प्रमाण एनव्हीपी या नावाने सेटिंगमध्ये असतं. साध्या कॅट ५ई किंवा कॅट ६ साठी ते ६९ टक्क्यांच्या आसपास असतं, पण कंपनीगणिक बदलतं. केबलच्या अंगावर मीटरचे छापील आकडे असतात. त्या आकड्यांवरून मोजलेला तीसेक मीटरचा तुकडा घ्या, टेस्टरला लावा आणि आकडा जुळेपर्यंत एनव्हीपी बदला. नव्या बॉक्सची केबल सुरू केली की हे पाच मिनिटांचं काम करायचंच. अगदी छोटे तुकडे यासाठी घेऊ नका, दोन-तीन मीटरच्या आत या यंत्रांना नीट दिसत नाही.

चार जोड्यांची लांबी वेगवेगळी आली तर घाबरायचं कारण नाही. प्रत्येक जोडीची पिळण मुद्दाम वेगळी ठेवलेली असते, त्यामुळे आतल्या तांब्याची लांबी वेगळी भरते. ४१ मीटर, ४२, ४१.५, ४२.५ असं दिसलं तर केबल निरोगी आहे. तीन जोड्या ५२ मीटर आणि एक ३८ मीटरवर ओपन, असं दिसलं की तिथे शिडी लावायची. बहुतेक वेळा ती जागा म्हणजे फॉल्स सीलिंगमधला एखादा स्क्रू, केसिंगचा कोपरा किंवा उंदराने कुरतडलेला भाग निघते. आणि तुटल्याचं अंतर पूर्ण लांबीइतकंच आलं तर भिंत फोडू नका, दोष टोकाच्या जॅकमध्ये आहे. माझ्या अनुभवात दोष टोकांपाशीच जास्त सापडतात.

पावसाळ्यात आणखी एक चकवा असतो. उघड्यावरून नेलेल्या साध्या पीव्हीसी केबलच्या आवरणाला उन्हाने तडे जातात आणि आत पाणी शिरतं. पाण्यामुळे पल्स मंदावते आणि टेस्टर केबल आहे त्यापेक्षा लांब दाखवतो. मे महिन्यात ६० मीटर भरलेली लाइन ऑगस्टमध्ये ६६ दाखवायला लागली, तर ती वाढलेली नाही, भिजलेली आहे. अशी केबल सुकवून काही होत नाही. बाहेरच्या वापराची जेल भरलेली काळ्या आवरणाची केबल टाका.

आता कॅमेरे. रात्री बंद आणि सकाळी चालू, हे लक्षण ऐकलं की डेटाचा विचार बाजूला ठेवा. अंधार पडला की कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि तो दिवसापेक्षा बरीच जास्त वीज ओढतो, काही मॉडेलांत दुपटीच्या घरात. म्हणजे प्रश्न विजेचा आहे, आणि विजेबाबत दिव्यांचा टेस्टर पूर्ण आंधळा आहे.

आधी हे ठरवा, की वीज कुठल्या पद्धतीने जातेय. स्वस्तातल्या कामात अजूनही १२ व्होल्टचा अडॅप्टर, दोन छोटे जोड आणि केबलमधल्या रिकाम्या जोड्या, असा पॅसिव्ह प्रकार दिसतो. त्याचं गणित करून बघा. २४ गेजच्या चांगल्या तांब्याच्या एका तारेचा रोध १०० मीटरला जास्तीत जास्त साडेनऊ ओहमच्या आत असतो. जायला दोन तारा आणि यायला दोन तारा जोडल्या, तर ६० मीटरच्या फेरीचा रोध साडेपाच ओहमच्या आसपास भरतो. कॅमेऱ्याने दिवसा ०.३ अँपिअर ओढला तर वाटेत पावणेदोन व्होल्ट गळतात आणि कॅमेऱ्याला दहाच्या थोडं वर मिळतं. तो चालतो. रात्री ०.६ अँपिअर झाला की सव्वातीन-साडेतीन व्होल्ट गळतात आणि उरतात साडेआठ. कॅमेरा बंद पडतो, दिवे विझतात, व्होल्टेज परत चढतं, कॅमेरा पुन्हा सुरू होतो आणि पुन्हा पडतो. एनव्हीआरच्या, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या यंत्राच्या, लॉगमध्ये रात्रभर हा जा-ये चाललेला दिसतो.

खरं पीओई, म्हणजे स्विचने डेटाच्याच केबलमधून दिलेली ४८ व्होल्टच्या घरातली वीज, असेल तर एवढी गळती होत नाही. तिथे स्विचचं एकूण वीज बजेट बघा. ८ पोर्टांच्या स्विचवर प्रत्येक पोर्टला १५.४ वॉट लिहिलेले असतात, पण सगळे मिळून ६५ वॉटच, असंही बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. आठ कॅमेरे दिवसा ५-५ वॉटनी ४० घेतात. रात्री ९-९ झाले की ७२. स्विच मग एखाददुसरा पोर्ट सोडून देतो, आणि पुष्कळ स्विच मोठ्या नंबरचे पोर्ट आधी सोडतात. तुमचे पडणारे कॅमेरे ७ आणि ८ नंबरच्या पोर्टवर असतील तर केबलला हातही लावू नका. त्यांची १ आणि २ वरच्या कॅमेऱ्यांशी अदलाबदल करा. पडणं त्या कॅमेऱ्यांबरोबर गेलं नाही आणि ७-८ वरच राहिलं, तर निदान झालं.

मल्टिमीटर लावून पीओई तपासायला जाल तर फसाल. प्रमाणित पीओईचा स्विच समोरच्या टोकाला साधारण २५ हजार ओहमची ठरलेली ओळख दिसल्याशिवाय पूर्ण व्होल्टेज सोडतच नाही, थोड्या व्होल्टचा चाचपडा घेत राहतो. मीटरवर आकडा नाचतो आणि लोक पोर्ट मेला म्हणून मोकळे होतात. उलट पॅसिव्हचा व्होल्टेज मीटरवर कायम स्थिर दिसतो, त्यामुळे दोन्हीतला फरक ओळखायला मीटर उपयोगी आहे. नीट तपासायचं तर पीओईचा टेस्टर हवा, आणि तोही लोड टाकणारा. नुसता व्होल्टेज दाखवणारा टेस्टर बिनओझ्याचा आकडा दाखवतो. लोड टाकणारा स्वतः कॅमेऱ्यासारखी वीज ओढतो आणि अमुक वॉटला किती व्होल्ट उरले ते सांगतो. आणि हो, दिव्यांचा टेस्टर चालू पोर्टला लावू नका. प्रमाणित पीओईवर एखादे वेळी वाचेल, पॅसिव्हवर जळेल.

इथेच केबलच्या धातूचा विषय येतो. बाजारात स्वस्त बॉक्स मिळतो त्यात पुष्कळदा अ‍ॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा असतो. आपल्याकडे तिला सीसीए म्हणतात, बिलावर मात्र नुसतं कॅट ६ लिहून येतं. तिचा रोध शुद्ध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो. वर केलेल्या १२ व्होल्टच्या गणितात तो टाकून बघा, रात्रीचे साडेआठ व्होल्ट आणखी खाली जातील. शिवाय अ‍ॅल्युमिनियम जोडापाशी हळूहळू दबतं, त्यावर गंज धरतो आणि दोन पावसाळ्यांनी जॅक सैल होतात. चुंबक लावून ही केबल ओळखता येत नाही, कारण अ‍ॅल्युमिनियमलाही तो चिकटत नाही. ब्लेडने तार खरवडा, आत पांढरी निघाली तर समजायचं. ३०५ मीटरचा बॉक्स उचलल्यावर हलका लागला तरी शंका घ्यायची. लूपचा रोध मोजणारा टेस्टर असेल तर पुरावाच हातात येतो: एक जोडी टोकाला शॉर्ट करून मोजली आणि १०० मीटरला १९ ओहमच्या बरंच वर गेली, तर दुकानदाराशी बोलायला आकडा मिळाला.

इथपर्यंत तार झाली. दुसऱ्या जातीचा टेस्टर तारेपेक्षा स्विचशी बोलतो, नेटअ‍ॅलीचा लिंकरनर त्यातला. भिंतीतल्या पोर्टला लावला की तो स्विचकडून येणारे एलएलडीपी किंवा सीडीपीचे, म्हणजे स्विचने स्वतःची ओळख सांगणारे, संदेश वाचतो आणि स्विचचं नाव, पोर्ट नंबर, व्हीलॅन (त्याच स्विचवर वेगळा काढलेला नेटवर्कचा गट) सांगतो. मोठ्या ऑफिसात जिथे लेबलं पुसली गेलीत, तिथे हे यंत्र तासांचं काम मिनिटांत करतं. थोडा धीर मात्र धरा. एलएलडीपीचा संदेश सहसा ३० सेकंदांनी आणि सीडीपीचा ६० सेकंदांनी येतो, आणि साधा अनमॅनेज्ड, म्हणजे सेटिंग करता न येणारा, स्विच काहीच बोलत नाही. पुढे तो डीएचसीपीकडून, म्हणजे नेटवर्कवर पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून, पत्ता मागतो, गेटवेला आणि डीएनएसला हाक मारतो. लॅपटॉपवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर पत्ता मिळालेला नाही. लिंक पक्की असूनही असं होत असेल, तर बहुतेक वेळा पोर्ट चुकीच्या व्हीलॅनमध्ये असतो.

या यंत्राच्या पडद्यावर १००० दिसलं म्हणून केबल गिगाबिट झेपवते असं समजू नका. दोन टोकांनी आपसात काय ठरवलं तेवढंच ते आहे. केबलची खरी परीक्षा ओझं टाकल्यावर होते. दोन लॅपटॉप घेऊन आयपर्फ हा वेग मोजणारा प्रोग्रॅम चालवा, निरोगी गिगाबिट लाइनवर ९४० एमबीपीएसच्या जवळ आकडा येतो. मॅनेज्ड स्विच असेल तर आधी पोर्टचे सीआरसी काउंटर, म्हणजे बिघडून आलेल्या पॅकेटांची मोजणी, शून्य करा, पंधरा मिनिटं मोठी फाइल हलवा आणि पुन्हा बघा. काउंटर चढत असेल तर लाइन आजारी आहे, दिवे काहीही म्हणोत. कित्येक मॅनेज्ड स्विचमध्ये टीडीआरही आत असतं. आयटीवाल्याला विनंती केली तर तो रॅकपाशी न जाताच जोडीजोडीचं अंतर सांगू शकतो.

त्याच आयटीवाल्याला विचारल्याशिवाय बँकेत किंवा मोठ्या कंपनीत आपला टेस्टर पोर्टला लावू नका. पोर्ट सिक्युरिटी चालू असेल तर अनोळखी मॅक पत्ता (यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा ओळख नंबर) दिसताच स्विच तो पोर्ट बंद करतो, आणि त्या टेबलावरचा माणूस तुमच्याकडे बोट दाखवतो.

टोनरबद्दल, म्हणजे केबलवर आवाजाचा सिग्नल सोडणाऱ्या यंत्राबद्दल थोडं, कारण केबल शोधायला तो सगळ्यांकडे असतो आणि सगळे त्याला शिव्या देतात. एकाच जोडीच्या दोन तारांवर टोन सोडला, तर पिळणीमुळे तो आतल्या आत विरतो आणि तो ऐकणाऱ्या प्रोबला जेमतेम ऐकू येतो. एक चिमटा एका जोडीच्या तारेला आणि दुसरा वेगळ्या जोडीच्या तारेला लावा, आवाज खणखणीत येईल. गठ्ठ्यात शेजारच्या केबलीही वाजायला लागल्या तर चिमटे पुन्हा एकाच जोडीवर घ्या, संशय असलेल्या केबलच्या टोकाला त्याच जोडीच्या दोन तारा क्षणभर शॉर्ट करा. आवाज मेला तर केबल तीच. चालू स्विचमध्ये खोचलेल्या केबलवर साधा टोन दबतो, ती काढूनच शोधा.

आता खरेदी. दिव्यांचा टेस्टर फेकू नका, क्रिंप केल्याकेल्या पहिली नजर टाकायला तोच सोयीचा. पुढचे पैसे जोडीवार लांबी आणि स्प्लिट पेअर दाखवणाऱ्या यंत्रावर घाला. कॅमेऱ्यांची कामं जास्त असतील तर पीओईला लोड टाकणारं घ्या. फ्लूकच्या लिंकआयक्यूसारखी यंत्रं केबल किती वेग झेपवेल हे मोजून सांगतात आणि स्विचशीही बोलतात, पण महिन्याला दोन-चार कामं असतील तर तेवढी किंमत वसूल व्हायला वेळ लागेल. स्वस्त यंत्राच्या खोक्यावर सर्टिफिकेशन असा शब्द छापलेला दिसला तर हसून सोडून द्या. खरं सर्टिफिकेशन करणारं यंत्र, फ्लूकचं डीएसएक्स वगैरे, काही लाखांना पडतं. ते कॅट ६ ला २५० मेगाहर्ट्झपर्यंत आणि ६ए ला ५०० पर्यंत प्रत्येक जोडी तपासून पास-नापासचा रिपोर्ट देतं. टेंडरमध्ये तसा रिपोर्ट मागितला असेल किंवा केबल कंपनीची लांब मुदतीची वॉरंटी घ्यायची असेल तरच त्याची गरज, आणि तेव्हा ते भाड्याने मिळतं.

भाड्याने घेताना यंत्राच्या कॅलिब्रेशनची तारीख बघा, वर्षापेक्षा जुनी नको. आणि अडॅप्टर कुठला हवा ते आधीच सांगा. भिंतीतल्या जॅकपासून पॅच पॅनेलपर्यंतची कायमची केबल तपासायची असेल तर पर्मनंट लिंकचा, पॅच कॉर्डांसकट पूर्ण रस्ता तपासायचा असेल तर चॅनेलचा. पहिल्याची मर्यादा ९० मीटर, दुसऱ्याची १००. रिपोर्ट पर्मनंट लिंकचा मागितलेला आणि बॅगेत चॅनेलचे अडॅप्टर आले, तर त्या दिवसाचं भाडं गेलं.